विंडो कुणाची?

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, टॅक्स ऑडिटच्या धामधुमीत, फोर्टमधल्या कुठल्याही सीएच्या ऑफिसात एखाद्या आर्टिकलच्या, म्हणजे शिकाऊ सीएच्या, मॉनिटरवर काय काय उघडं असतं ते बघावं. टॅलीत पार्टीचं लेजर, एक्सेलमध्ये तीन-चार वर्कबुकं, ब्राउझरमध्ये आयकर खात्याचं पोर्टल, २६एएसची (कापलेल्या टीडीएसच्या तक्त्याची) पीडीएफ, कोपऱ्यात कॅल्क्युलेटर आणि खाली घड्याळाशेजारी डिजिटल सहीचा छोटा प्रोग्राम. प्रोग्राम सहा, आणि विंडो म्हणजे काय याची प्रत्येकाची समजूत वेगळी. एकात एस्केप दाबलं की मागचा स्क्रीन येतो, दुसऱ्यात काहीच होत नाही, तिसऱ्यात अर्धा भरलेला फॉर्म पुसला जातो. समोर बसलेली व्यक्ती दिवसभर या सहा समजुतींमधून ये-जा करत असते. त्यातून येणारा शीण आपण कामाच्या खात्यावर टाकतो, पण त्यातला बराचसा विंडोंचा असतो.

सॉफ्टवेअर घेताना लोक फीचर्सची यादी तपासतात, किंमत तपासतात, सपोर्टचा नंबर लागतो का ते तपासतात. त्यातली विंडो कुणाच्या मालकीची आहे, कागदाच्या (म्हणजे एखाद्या फाइलच्या), प्रोग्रामच्या की एखाद्या कामाच्या, हे सहसा कुणी विचारत नाही. माझ्या मते पहिल्यांदा हेच विचारायला हवं, कारण रोजच्या वापरातले बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात.

ॲलन कूपर या अमेरिकी डिझायनरने नव्वदच्या दशकात प्रोग्रामांची एक विभागणी मांडली, ती आजही कामाला येते. काही प्रोग्राम दिवसभर अख्खा स्क्रीन व्यापून बसतात: टॅली, एक्सेल, कोरलड्रॉ, ब्रोकरचं टर्मिनल. काही क्षणभर येऊन जातात: कॅल्क्युलेटर, स्क्रीनशॉट काढायचं टूल. आणि काही दिसतच नाहीत, मागे चालू असतात: अँटिव्हायरस, बॅकअप, सहीचा प्रोग्राम. पहिल्या प्रकारात बटणं लहान आणि दाट असली तरी चालतात. महिनाभरात जागा पाठ होतात, शॉर्टकट बोटांत बसतात. दुसऱ्या प्रकारात सगळं ठळक आणि नाव लिहिलेलं हवं, कारण तो प्रोग्राम महिन्यातून दोनदा उघडणार आणि प्रत्येक वेळी नव्याने आठवावा लागणार. आपल्याकडे नेमकी याची अदलाबदल होते. वर्षातून एकदा लागणारी रिटर्नची युटिलिटी दाट, खुणांनी खच्चून भरलेली. आणि दिवसाला तीनशे बिलं फाडायच्या सॉफ्टवेअरमध्ये मोठमोठी रंगीत बटणं आणि प्रत्येक बिलानंतर 'यशस्वीरीत्या सेव्ह झाले' अशी चौकट, जी एंटर मारल्याशिवाय जात नाही. दिवसाला तीनशे फुकटचे एंटर.

उंचीचाही प्रश्न आहे. मुंबईत टेबल लहान, त्यामुळे साडेअठरा इंची, १३६६ बाय ७६८चे मॉनिटर अजून कितीतरी ऑफिसांत आहेत. ७६८ रेषांपैकी विंडोज १०चा टास्कबार ४० घेतो. एक्सेलमध्ये वर टायटलची पट्टी आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस २००७पासून आलेली रिबन, म्हणजे बटणांची रुंद पट्टी, तिच्याखाली फॉर्म्युला बार, तळाशी शीटांची नावं आणि स्टेटस बार. उरलेल्या जागेत पंचविसेक ओळी जेमतेम दिसतात. कंट्रोल आणि एफ१ दाबलं की रिबन मिटते, पुन्हा दाबलं की येते. एवढी एक गोष्ट नव्या मुलांना पहिल्याच दिवशी दाखवावी.

आता विंडोच्या मालकीकडे येऊ. १९९०च्या विंडोज ३.० मध्ये खुद्द प्रोग्राम मॅनेजरच एका मोठ्या विंडोत लहान विंडो अशा रचनेचा होता, आणि त्या काळातले वर्ड, एक्सेल, पेजमेकर, कोरलड्रॉ सगळे त्याच वळणाचे. बाहेरची चौकट प्रोग्रामची, आतल्या चौकटी कागदांच्या. मेनू एकच, वर. आतली विंडो बाहेरच्या चौकटीबाहेर जाऊ शकत नाही. आतली बंद करायला कंट्रोल-एफ४, सगळा प्रोग्राम बंद करायला ऑल्ट-एफ४. टायटलच्या टोकाला फुल्या दोन, एकीखाली एक, आणि घाईत वरची फुली दाबली की एका फाइलऐवजी सगळ्या फाइली बंद व्हायला निघायच्या.

ही रचना मागे पडली त्याची कारणं अगदी व्यवहारातली आहेत. लहान मॉनिटरवर प्रत्येक जण आतली विंडो मोठी करून टाकायचा, मग बाकीच्या विंडो उघड्या आहेत याचा पत्ताच लागत नसे. त्या 'विंडो' नावाच्या मेनूत यादीपुरत्या उरत. टास्कबारवर खूण एकच. आणि दुसरा मॉनिटर लावला तरी त्यावर दुसरी फाइल नेता येईना, कारण ती बाहेरच्या चौकटीत कोंडलेली. वर्डने २००० साली प्रत्येक डॉक्युमेंटला स्वतंत्र विंडो दिली. एक्सेलने तेच करायला २०१३ उजाडवलं.

एक्सेलजवळ मात्र थोडं थांबायला हवं, कारण तिथे दिसतं एक आणि असतं दुसरं. वर्कबुकांच्या विंडो वेगळ्या झाल्या, पण त्यांच्यामागे चालणारा एक्सेल एकच राहिला. दादरच्या जुन्या इमारतींत कसं, घरांची दारं वेगळी, पण गच्चीवरची पाण्याची टाकी एक. तसं आहे हे. अनडूची, म्हणजे केलेलं मागे घेण्याची, यादी सामाईक असते. तुम्ही पहिल्या वर्कबुकात दोन आकडे बदलले, दुसऱ्यात एक ओळ काढली, पुन्हा पहिल्यात येऊन कंट्रोल-झेड दाबलं, तर दुसऱ्यातली ओळ परत येते. एका वर्कबुकात डायलॉग (काही विचारणारी छोटी चौकट) उघडा राहिला, तर दुसरं वर्कबुक दुसऱ्या मॉनिटरवर समोर असूनही क्लिक घेत नाही. एक कोसळलं की सगळी कोसळतात.

सर्वांत महागात पडतो तो कॅल्क्युलेशनचा मोड. ऑटोमॅटिक की मॅन्युअल हे वर्कबुकागणिक ठरत नाही, सगळ्या एक्सेलसाठी एकदाच ठरतं, आणि ते ठरवतं त्या दिवशी सर्वांत आधी उघडलेलं वर्कबुक. क्लायंटकडून आलेली पन्नास हजार ओळींची फाइल त्याच्या अकाउंटंटने मॅन्युअलवर ठेवलेली असते, कारण त्याचा संगणक हळू. सकाळी ती पहिली उघडली की त्यानंतरची सगळी वर्कबुकं मॅन्युअलवर जातात. रकमा बदलतात, बेरीज जुनीच राहते. त्यात भर म्हणजे सेव्ह करताना तो मोड त्या दुसऱ्या फाइलींतही लिहिला जातो, आणि उद्या ती फाइल ज्याच्याकडे पहिली उघडेल तिथे हेच. खाली डाव्या कोपऱ्यात स्टेटस बारवर 'कॅल्क्युलेट' असा शब्द दिसतो; तो दिसला की हात थांबवावा. एफ९ने तेवढ्यापुरती बेरीज ताजी होते. कायमचा उपाय फॉर्म्युलाज टॅबमध्ये कॅल्क्युलेशन ऑप्शन्समधून ऑटोमॅटिक निवडून फाइल सेव्ह करणं हाच.

खरोखर वेगळा एक्सेल हवा असेल तर एक्सेल सुरू करताना ऑल्ट दाबून धरावं. नवी प्रत उघडायची का असं तो विचारतो. जड मॅक्रो (आपोआप चालणारी कामांची मालिका) एकात चालू ठेवून दुसऱ्यात काम करायला हे उत्तम. पण मग या दोन प्रतींमध्ये कॉपी-पेस्ट करताना फॉर्म्युले येत नाहीत, नुसत्या किमती येतात, आणि ते लक्षात येईपर्यंत शीट पुढे गेलेलं असतं. उलट एकाच वर्कबुकाच्या दोन विंडो हव्या असतील तर व्ह्यू टॅबमधलं न्यू विंडो आहे. एका विंडोत ट्रायल बॅलन्स, दुसरीत शेड्यूल, फाइल एकच. बऱ्याच आवृत्त्यांत या दुसऱ्या विंडोत फ्रीझ केलेल्या, म्हणजे वर कायम दिसत राहणाऱ्या, ओळी येत नाहीत. काम संपल्यावर मूळ विंडो बंद करून दुसरीच सेव्ह केली तर फ्रीझ गेलं. म्हणून बंद करताना नेहमी दुसरी बंद करावी.

टॅबांनी कागदांची गर्दी एका पट्टीत आणली आणि ब्राउझरमुळे ती सगळ्यांच्या सवयीची झाली. विंडोज ११चं फाइल एक्सप्लोरर आणि नोटपॅडही आता टॅबांवर आहे. एकामागून एक वाचायच्या गोष्टींना टॅब छान. दोन गोष्टी समोरासमोर ठेवून ताडून बघायच्या असतील, २६एएस आणि लेजर, बँक स्टेटमेंट आणि कॅशबुक, तर टॅब वाईट, कारण एका वेळी एकच दिसतो आणि आकडा डोक्यात धरून पलीकडे जावं लागतं. तिथे टॅब ओढून वेगळा करावा, विंडोज की आणि डावा-उजवा बाण दाबून दोन विंडो शेजारी लावाव्यात. आणखी एक, फाइलींच्या नावांचं. आठ-दहा टॅब झाले की प्रत्येकावर नावाची पहिली काही अक्षरंच उरतात. सगळ्या फाइली 'जीएसटीआर३बी' ने सुरू होत असतील तर दहाही टॅब सारखे दिसतात. पार्टीचं नाव आधी, फॉर्मचं नंतर, असा नियम ऑफिसात घालून दिला की चुकीच्या फाइलीत टाइप होणं बरंच कमी होतं.

मॅकवर हिशेब वेगळा. तिथे मेनू विंडोचा नाहीच, प्रोग्रामचा. १९८४ पासून तो स्क्रीनच्या माथ्यावर आहे. शेवटची विंडो बंद केली तरी बहुतेक प्रोग्राम चालूच राहतात. लोअर परळच्या डिझाइन स्टुडिओत विंडोजवरून आलेला ऑपरेटर लाल बटण दाबून निश्चिंत होतो आणि संध्याकाळपर्यंत मेमरी भरते. कमांड-क्यू ही सवय वेगळी लावावी लागते.

टॅली या सगळ्यांहून निराळी आहे. १९८६ पासूनची, डॉसवर वाढलेली, आणि विंडोजवर आल्यावरही तिने आपली रीत सोडली नाही. तिथे कागद नाहीत आणि विंडोही नाहीत. स्क्रीनवर स्क्रीन चढतो, एस्केपने एकेक उतरतो. व्हाउचर भरताना पार्टीचं लेजर नाही असं दिसलं की ऑल्ट-सी, नवं लेजर भरा, कंट्रोल-ए, आणि तुम्ही त्याच व्हाउचरच्या त्याच रकान्यात परत. हात कीबोर्डवरून हलत नाही. पेमेंट एफ५, रिसीट एफ६, जर्नल एफ७, सेल्स एफ८, पर्चेस एफ९. हे ज्याच्या बोटांत बसलंय त्याला स्क्रीन दिसण्याचीही वाट बघावी लागत नाही. या रचनेची अडचण एकच होती: व्हाउचर अर्धवट असताना पार्टीची बाकी बघायची तर रचलेले स्क्रीन उतरवून जावं लागे, म्हणून लोक टॅली दोनदा उघडून ठेवत. २०२०च्या टॅलीप्राइममध्ये ऑल्ट-जी आलं. अर्धवट व्हाउचर तसंच ठेवून हवा तो रिपोर्ट उघडतो, एस्केपने परत व्हाउचर. नव्या आवृत्तीतली सर्वांत मोलाची सुधारणा मला हीच वाटते. बाकीचे रंगबदल त्यापुढे किरकोळ.

एंटर या एका बटणाने आपल्याकडे जितकी बिलं बिघडवली असतील, तितकी दुसऱ्या कशाने नसावीत. डॉसच्या प्रोग्रामांत एंटर म्हणजे पुढचा रकाना. मशीद बंदरच्या किराणा पेढ्या, प्रिन्सेस स्ट्रीटची औषधांची दुकानं, सगळ्यांचे हात त्यावर घडले. विंडोजचा नियम वेगळा: पुढच्या रकान्यात जायला टॅब, आणि एंटर म्हणजे ठळक कडेचं मुख्य बटण, बहुधा सेव्ह. जुनं बिलिंग सॉफ्टवेअर विंडोजवर आणताना प्रोग्रामरने हा नियम तसाच ठेवला की ग्राहकाचं नाव टाइप करून एंटर, आणि रिकामं बिल सेव्ह.

बारकोड स्कॅनर आला की हे आणखी बिघडतं, कारण संगणकाच्या दृष्टीने स्कॅनर हा एक कीबोर्डच. तो कोडातले आकडे भराभर टाइप करतो आणि शेवटी स्वतःहून एंटर मारतो. पहिली वस्तू स्कॅन केली आणि एका वस्तूचं बिल सेव्ह झालं, हा घोळ यामुळे. बऱ्याच स्कॅनरांच्या पुस्तिकेत सेटिंगचे बारकोड छापलेले असतात. त्यातला शेवटी टॅब पाठवायचा कोड एकदा स्कॅन केला की एंटरऐवजी टॅब जातो. तरी खरं दुरुस्त करायचं ते सॉफ्टवेअर. वस्तूच्या रकान्यात एंटर म्हणजे नवी ओळ, आणि सेव्ह फक्त एका वेगळ्या कीवर. शिवाय स्कॅनर बघत नाही की कर्सर कुठे आहे. मध्येच एखादी चौकट पुढे आली असेल तर आकडे तिच्यात जातात आणि शेवटचा एंटर तिच्या ओकेवर पडतो. कीबोर्ड मराठीवर राहिला असेल तर अक्षरं असलेल्या कोडाचं देवनागरीत भलतंच काही उमटतं आणि 'वस्तू सापडली नाही' येतं. स्कॅनर बिघडला म्हणून लॅमिंग्टन रोडला न्यायच्या आधी घड्याळाशेजारची भाषेची खूण बघावी.

उत्तर दिल्याशिवाय पुढे जाऊ न देणारा डायलॉग हा एक मोडच. झेरॉक्स कंपनीच्या 'पार्क' या संशोधन केंद्रातल्या लॅरी टेस्लरने आयुष्यभर आग्रह धरला की मोड नकोत, म्हणजे एकाच बटणाने वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं काही करू नये; कट-कॉपी-पेस्ट आपल्या हाताशी आलं त्यात त्याचा मोठा वाटा, आणि गाडीच्या नंबरप्लेटवरही त्याने 'नो मोड्स' लिहून घेतलं होतं. डायलॉग अजिबात नको असं मी म्हणणार नाही. मागचं काही करणं धोक्याचं असेल तिथे तो हवाच. पण तो योग्य विंडोला बांधलेला हवा. प्रोग्रामरने डायलॉग उघडताना मालक-विंडो कोणती हे दिलं नाही, तर तो कधीकधी मुख्य विंडोच्या मागे उघडतो. टास्कबारवर खूण नाही, क्लिक केलं की नुसता टिंग आवाज, आणि प्रोग्राम अडकला असं समजून लोक टास्क मॅनेजरमधून तो मारून टाकतात. न सेव्ह झालेलं गेलं. असा आवाज आला तर आधी ऑल्ट-टॅब दाबून मागे काही दडलंय का बघावं. आणि विंडोजच्या साध्या संदेशाच्या चौकटीवर कंट्रोल-सी दाबलं की तिच्यातला सगळा मजकूर कॉपी होतो. सपोर्टवाल्याला फोनवर एरर वाचून दाखवण्यापेक्षा तो पाठवून द्यावा.

दलाल स्ट्रीटच्या आसपासच्या ब्रोकरांच्या टर्मिनलवर याच प्रश्नांची किंमत रुपयांत मोजली जाते. राष्ट्रीय शेअर बाजारात शेअर्सचे सौदे नोव्हेंबर १९९४ पासून स्क्रीनवर सुरू झाले, मुंबई शेअर बाजाराची बोल्ट ही स्क्रीनवरच्या सौद्यांची यंत्रणा मार्च १९९५ मध्ये आली, आणि डीलरांची बोटं तेव्हापासून घडत आली. विंडोजमध्ये एफ१ म्हणजे मदत. टर्मिनलवर एफ१ म्हणजे खरेदी आणि एफ२ म्हणजे विक्री. खरेदीची पट्टी निळी, विक्रीची लाल, कारण मजकूर वाचायला वेळ नसतो, रंग डोळ्याच्या कडेनेही कळतो. मार्केट वॉच (चालू भाव), ऑर्डर बुक (दिलेल्या ऑर्डरी), ट्रेड बुक (झालेले सौदे) या विंडो एकाच वेळी उघड्या आणि कोणतीही कोणाला अडवत नाही. अशा ठिकाणी 'ऑर्डर नाकारली' हा संदेश अडवणाऱ्या चौकटीत देणं घातक. डीलर पुढची ऑर्डर टाइप करत असतो आणि त्याचा एंटर त्या चौकटीवर जातो, संदेश न वाचताच नाहीसा होतो. तो तळाच्या पट्टीत, वेळेसकट, मागे जाऊन वाचता येईल असा हवा. दुसऱ्या प्रोग्रामने मध्येच पुढे येण्यावर विंडोजने बंधन घातलंय, तो टास्कबारवर नुसता लुकलुकतो. त्याच प्रोग्रामच्या आपल्याच चौकटींना मात्र ते बंधन लागू नाही, तिथे प्रोग्रामरनेच हात आवरायला हवा.

घड्याळाशेजारच्या न दिसणाऱ्या प्रोग्रामांना विंडो नसते, आणि त्यांची फजिती तिथेच होते. फुली दाबली तरी ते बंद होत नाहीत, लपतात. सहीचा प्रोग्राम चालू आहे की नाही कळत नाही म्हणून माणूस आयकॉनवर पुन्हा डबल-क्लिक करतो. दुसरी प्रत पहिली चालू आहे हे बघून मुकाट्याने निघून जाते आणि स्क्रीनवर काहीच घडत नाही. चांगल्या प्रोग्रामने अशा वेळी पहिल्या प्रतीला पुढे आणावं. प्रोग्राम कोसळला तरी आयकॉन तसाच दिसत राहतो, माउस वरून नेला की नाहीसा होतो. म्हणून पोर्टल 'सहीचा प्रोग्राम सापडत नाही' म्हणत असेल तर आधी माउस त्या आयकॉनवरून फिरवावा.

गिरगाव-दादरच्या टाइपसेटिंगवाल्यांना आणि मराठी पत्रव्यवहार करणाऱ्या प्रत्येक ऑफिसाला उपयोगी असं एक सेटिंग फारसं कुणाला ठाऊक नसतं. विंडोज ८ पासून कीबोर्डची भाषा सगळ्या विंडोंना मिळून एकच असते. वर्डमध्ये मराठी लावली की एक्सेलमध्येही मराठीच, आणि फॉर्म्युला लिहिताना ते कळतं. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधल्या टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज इथे जाऊन प्रत्येक ॲपच्या विंडोसाठी वेगळी इनपुट पद्धत ठेवण्याच्या चौकोनात खूण केली, की वर्ड मराठीवर आणि टॅली इंग्रजीवर राहते.

नवं सॉफ्टवेअर दाखवायला विक्रेता आला की त्याला माउस बाजूला ठेवायला सांगावं आणि दहा वस्तूंचं बिल नुसत्या कीबोर्डवर करायला लावावं. अर्ध्या बिलात दुसऱ्या पार्टीची बाकी बघायला सांगावी आणि परत आल्यावर बिल शाबूत आहे का बघावं. स्कॅनर स्वतःचा जोडावा. मग दुसरा मॉनिटर लावून एक विंडो तिकडे न्यावी, प्रोग्राम बंद करावा, मॉनिटरची वायर काढावी आणि प्रोग्राम पुन्हा उघडावा. विंडो नसलेल्या मॉनिटरवर उघडली तर स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. ती परत आणायला ऑल्ट-स्पेस, मग एम, मग कुठलाही एक बाण, आणि माउस हलवला की ती त्याला चिकटून येते.